दिवसभर गुणी असलेली मुलगी संध्याकाळी घरी आल्यावरच का बिथरते?

एका आईचा प्रश्न आहे. मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा चौदा महिन्यांचा. आई नोकरी करते, दोन्ही मुलांना घेऊन सव्वासहाला घरी पोचते. बाबा आठला येतात. घरात पाऊल टाकल्यापासून मुलगी बूट काढायला नाही म्हणते, हात धुवायला नाही म्हणते, जेवताना दहा वेळा उठते, भावाला ढकलते आणि एवढ्यातेवढ्यावरून भोकाड पसरते. नऊला अंथरुणात नेलं तरी डोळा लागायला दहा वाजतात. सकाळी पावणेसातला तिला हलवून उठवावं लागतं. शाळेतल्या बाई मात्र सांगतात, "किती समजूतदार मुलगी आहे!" आजीचं म्हणणं, लाडावली आहे. शेवटी आईनं लिहिलं आहे: "मी रोज ओरडते आणि ती झोपली की रोज रडते. माझी शिस्त कमी पडते आहे का?"

ताई, गेली तेवीस वर्षं मी लहान मुलांच्या आई-बाबांबरोबर काम करते आहे. संध्याकाळच्या या तीन तासांबद्दल मला जितकं विचारलं गेलं तितकं दुसऱ्या कशाबद्दलच नाही. शिस्तीबद्दलचं उत्तर आधी देते: नाही, ती कमी पडत नाहीये. तुमचं लिहिणं वाचताना माझी नजर अडकली ती दोन वेळांवर, रात्रीचे दहा आणि सकाळचे पावणेसात.

मधले तास मोजा. पावणेनऊ होतात. दुपारी ती झोपत नाही, असंही तुम्ही लिहिलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात ३ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाच्या २४ तासांत १० ते १३ तास झोप हवी असं म्हटलं आहे, दुपारची डुलकी धरून. खालचा आकडा घेतला तरी तुमच्या लेकीला रोज सव्वा तास कमी पडतो. आठवड्याचे सात दिवस धरले तर पावणेनऊ तास. म्हणजे दर आठवड्याला तिची एक अख्खी रात्र हरवते आहे. तिला सकाळी हलवून उठवावं लागतं, यातच ते दिसतं. पुरेशी झोप झालेलं या वयाचं मूल बहुतेक दिवशी आपणहून उठतं, आणि बऱ्याचदा आपल्याला नको असतं तेव्हा उठतं.

दमलेलं मोठं माणूस मंदावतं, एका कोपऱ्यात बसून राहतं. दमलेलं लहान मूल पेटतं. ते धावतं, ओरडतं, खिदळतं, क्षणात रडतं. त्यामुळे रात्री नऊला ती पलंगावर उड्या मारत असेल तर पाहणाऱ्याला वाटतं, हिला झोपच आलेली नाही. खरं तर झोपेची सोपी वेळ मागेच निघून गेलेली असते. माझ्याकडे 'ऐकत नाही' म्हणून आणलेल्या कितीतरी मुलांच्या बाबतीत मी पहिले दोन आठवडे झोप सोडून कशालाच हात लावला नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं ऐकणं तेवढ्यावर सुधारलं.

आता शाळेतल्या 'समजूतदार' मुलीबद्दल. या कौतुकानं तुमच्या मनाला टोचणी लागली आहे, हे मला कळतं. बाहेर शहाणी आणि माझ्यापाशीच अशी, म्हणजे दोष माझाच, असा हिशोब मन आपोआप करतं. शाळेत ती दिवसभर काय करते ते पाहा. रांगेत उभी राहते, हवं ते खेळणं दुसऱ्याच्या हातात असलं तरी थांबते, बाई दुसऱ्या कुणाशी बोलत असल्या तर प्रश्न गिळते, गलका सहन करते, रडू आलं तरी आवरते. हे सगळं मेंदूच्या पुढच्या भागाचं काम. तो भाग पुरता तयार व्हायला माणसाला वयाची विशी उलटावी लागते. साडेचार वर्षांचं मूल ते काम करतं, पण त्याला ते फार जड जातं. संध्याकाळी तुमचा चेहरा दिसला की तिला कळतं, आता आवरायची गरज नाही. दिवसभरात थोपवलेलं रडू, राग, कंटाळा सगळं तुमच्या मांडीवर येऊन सांडतं. जिथे सांडलं तरी चालेल अशी खात्री असते तिथेच मूल सांडतं. शाळेतही हीच गत असती तर मी जास्त सावध झाले असते.

तुमच्या संध्याकाळीत सगळ्यात महाग पडणारा भाग म्हणजे दारातली पहिली वीस मिनिटं. तुम्ही लिहिलेला क्रम मी पुन्हा वाचला: "बूट काढ, जागेवर ठेव, हात धू, डबा आण, भावाच्या अंगावर जाऊ नकोस." दार लोटल्यापासून दोन मिनिटांत पाच सूचना, त्याही एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात पिशव्या घेऊन, तिच्याकडे पाठ करून दिलेल्या. यात तुमची चूक काढत नाही. हात दोनच असतात. पण तिच्या बाजूनं काय दिसतं ते पाहू.

फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी आई-बाबांना नेहमी सांगते. मुलांना चित्रांचे पत्ते देतात आणि ते आधी रंगाप्रमाणे वेगळे करायला सांगतात. मुलं व्यवस्थित करतात. मग सांगतात, आता रंग नाही, आकार बघायचा. तीन वर्षांची बरीचशी मुलं रंगाप्रमाणेच लावत राहतात. गंमत पुढे आहे. त्यांना विचारलं की आता नियम काय, तर ती नवा नियम बरोबर सांगतात, आणि हात मात्र जुन्या नियमानं चालतो. चार-पाच वर्षांची मुलं साधारणपणे ही अदलाबदल करू लागतात. तुमची मुलगी त्या पायरीवर नुकतीच चढली आहे, आणि दमलेलं मूल एक-दोन पायऱ्या खाली उतरतं. त्यामुळे "तिला माहीत आहे तरी करत नाही" हे तुमचं वाक्य शब्दशः खरं आहे. माहीत असणं आणि करता येणं यांत या वयात अंतर असतं. आपण त्याला हट्ट म्हणतो, म्हणून आवाज चढतो.

तर दारातला क्रम उलटा करा. घरात शिरलात की कुठलीही सूचना देऊ नका. पिशव्या खाली ठेवा आणि बूट घातलेलेच राहू देत, तुम्ही दोन्ही मुलांसह जमिनीवर बसा. दाराजवळच बसा. दहा मिनिटं. बाळ मांडीवर, ती शेजारी. "आज शाळेत काय केलं?" हे विचारू नका. दमलेल्या मुलाला तीही एक परीक्षाच वाटते. काही न विचारता नुसतं जवळ बसलं तर ती कधी अंगावर रेलेल, कधी आपणच काहीतरी सांगायला लागेल, कधी निमित्त काढून रडेल. रडली तर रडू द्या, ते दिवसाचं आहे. फोन तेवढा वेळ पिशवीतच राहू दे. याच वेळात खायला काहीतरी हातात द्या, सकाळीच काढून ठेवलेलं, वाढायची खटपट नसलेलं. शाळेतल्या शेवटच्या खाण्याला तीन तास होऊन गेलेले असतात आणि भूक आहे हे या वयाच्या मुलाला स्वतःला ओळखता येतंच असं नाही. ती भूक चिडचिड होऊन बाहेर येते.

"दहा मिनिटं मला परवडत नाहीत, स्वयंपाक पडलेला असतो," असं जवळजवळ प्रत्येक आई मला सांगते. मी त्यांना एवढंच करायला लावते की एक दिवस घड्याळ लावून पाहा, बूट, हात आणि डबा या तीन गोष्टींच्या भांडणात किती मिनिटं जातात. बहुतेकींना वीस-पंचवीस मिनिटं सापडली आहेत. ती दहा मिनिटं तिथूनच निघतात.

मग सूचना. एका वेळी एक. तिच्याजवळ जाऊन, तिच्या उंचीला येऊन, खांद्यावर हात ठेवून म्हणा, "आता बूट." आणि मनात दहापर्यंत आकडे मोजा. हे थांबणं सगळ्यात अवघड असतं, कारण आपण तिसऱ्याच सेकंदाला तेच वाक्य जरा मोठ्यानं म्हणतो. तिचं डोकं जेमतेम पहिल्या वाक्याशी पोचत असताना दुसरं येऊन आदळतं आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. आणखी दोन लहान गोष्टी. जिथे निवड नाही तिथे प्रश्न विचारू नका. "जेवायला येतेस का?" याला 'नाही' हे अगदी प्रामाणिक उत्तर आहे. "जेवायची वेळ झाली. उडी मारत येतेस की माझा हात धरून?" यात जेवण पक्कं आणि निवड खरी. आणि 'नको' ऐवजी काय हवं ते सांगा. "पळू नकोस" यातलं 'पळू' तिला आधी ऐकू जातं. "भिंतीला हात लावत हळू चाल" हे तिला करता येतं.

आजीचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. सीमा हव्यात, हे त्यांचं बरोबरच आहे. फरक संख्येचा आहे. संध्याकाळच्या तीन तासांत तीनच नियम ठेवा आणि ते कधीही हलू देऊ नका: मारायचं नाही, जेवण बसून, आणि ठरल्या वेळेला दिवा बंद. खेळणी आवरणं, कपडे नीट टाकणं, ताट पूर्ण संपवणं हे सगळं काही महिने बाजूला ठेवा, किंवा सुट्टीच्या सकाळी शिकवा, तेव्हा ती ताजी असते. आजीशीही एवढ्या तीनच गोष्टींवर एकमत करून घ्या. बाकीच्या गोष्टींत त्यांची पद्धत वेगळी असली तरी मुलीचं काही बिघडत नाही. आजीकडे असं आणि आईकडे तसं, हा भेद मुलं फार लवकर शिकतात.

भोकाड पसरलं की काय करायचं? मायकेल पोटेगाल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी २००३ मध्ये दीड ते पाच वर्षांच्या ३३५ मुलांच्या आई-वडिलांकडून अशा प्रसंगांच्या तपशीलवार नोंदी घेतल्या होत्या. तीन चतुर्थांश आकांत पाच मिनिटांच्या आत संपले होते. आपल्याला ते अर्ध्या तासाचे वाटतात. त्या नोंदींतून आणखी एक गोष्ट पुढे आली आणि ती मला रोज कामाला येते: राग सुरुवातीला झपकन चढतो आणि उतरतो, दुःख मात्र सगळ्या प्रसंगभर खाली वाहत असतं. म्हणून राग शिगेला असताना जवळ घ्यायला गेलात तर ती लाथा मारते, आणि समजावायला गेलात तर प्रत्येक शब्दाचं तेल होतं. तेव्हा चार फुटांवर खाली बसा, गप्प राहा, ती स्वतःला किंवा बाळाला लागेल असं काही करत नाही ना एवढंच पाहा. किंचाळण्याचा सूर बदलून हुंदक्यांवर आला की राग उतरला. आता हात पुढे करा, ती येईल. हट्टाची वस्तू मात्र दिली जाणार नाही. "तुला ती हवी होती. मिळाली नाही म्हणून वाईट वाटलं." एवढं पुरे. उपदेश दुसऱ्या दिवशीही होऊ शकतो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी त्याची गरजच वाटत नाही.

भावाला ढकलण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण यात तुम्ही खूप दुखावल्या आहात असं वाटलं. चौदा महिन्यांचं बाळ म्हणजे नुकतं चालायला लागलेलं, हाती येईल ते ओढणारं, 'थांब' न कळणारं. पहिले काही महिने तो एका जागी पडून होता, तेव्हा तिला त्याचा त्रास नव्हता. आता तो तिच्या मनोऱ्यावर चालून जातो. तिची तक्रार न्याय्य आहे, मार्ग चुकीचा आहे. दोन्ही गोष्टी तिला वेगवेगळ्या ऐकू येऊ देत. ढकलताना दिसली तर पळत जाऊन हात धरा आणि "ढकलायचं नाही" एवढंच म्हणा. आधी बाळाकडे वळा, त्याला शांत करा. मग तिच्याकडे: "त्यानं मोडलं म्हणून राग आला. पुढच्या वेळी मला हाक मार, मी येते." आणि हाक मारली की खरंच जा, हातातलं काम टाकून जा. दोनदा हाक मारूनही कुणी आलं नाही तर तिसऱ्या वेळी ती ढकलणारच, आणि त्यासाठी तिला बोल लावता येणार नाही.

त्याहून जास्त उपयोग घराच्या मांडणीचा होतो. तिच्यासाठी एक उंच जागा ठरवा, टेबल किंवा पक्कं शेल्फ, जिथे त्याचा हात पोचत नाही. तिथे मांडलेला खेळ रात्रभर तसाच राहील आणि सकाळी तिथेच सापडेल, अशी हमी द्या. तिच्या मोजक्या वस्तू फक्त तिच्या असू देत, भावाला द्यायची सक्ती नको. आपलं काही सुरक्षित आहे अशी खात्री झाली की मुलं आपणहून वाटायला लागतात. आणि "तू मोठी आहेस ना" हे वाक्य जमलं तर वर्षभर वापरू नका. ती साडेचार वर्षांची आहे. भाऊ आल्यामुळे तिचं वय वाढलेलं नाही.

जेवणावर फार लिहीत नाही. बाळ पहिल्या वर्षात जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं, नंतर मात्र या वयात वर्षाला दोनेक किलोनंच वजन वाढतं. वाढीचा वेग मंदावतो तशी भूकही मंदावते. काय वाढायचं, कधी आणि कुठे बसून जेवायचं हे तुम्ही ठरवा. किती खायचं हे तिचं पोट ठरवेल. वीस मिनिटं ताट समोर राहू दे, उठली की "जेवण झालं तुझं" असं शांतपणे म्हणून ताट उचला. रात्री पुन्हा वाढू नका. सातच्या सुमाराला जेवण होईल असं पाहा. साडेआठला झोपेनं पेंगणारं मूल जेवूच शकत नाही.

आता पुन्हा झोपेकडे येते, कारण सगळं तिथेच अडकलं आहे. सव्वाआठला दिवा बंद हे तुमचं ध्येय. मग झोप साडेदहा तास होईल. पण आज दहाला झोपणाऱ्या मुलीला उद्या सव्वाआठला झोपवायला जाल तर ती टक्क जागी पडून राहील आणि सगळ्यांचे हाल होतील. रोजच्या झोपेच्या आधीचे दोनेक तास शरीराचं घड्याळ माणसाला उलट जागं ठेवत असतं. त्यामुळे दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या. सात टप्पे होतात, अडीच-तीन आठवडे लागतील. सकाळची पावणेसातची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा आणि उठल्या उठल्या खिडकी उघडून उजेड अंगावर येऊ द्या. सकाळच्या उजेडानं शरीराचं घड्याळ अलीकडे सरकतं, म्हणजे रात्री झोप लवकर येते.

रात्रीचा उजेड त्याच्या उलट काम करतो, आणि मुलांवर त्याचा परिणाम मोठा असतो. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात तीन ते पाच वर्षांची मुलं झोपायच्या आधी तासभर प्रखर उजेडात खेळली. झोपेचा संकेत देणारं मेलाटोनिन त्यांच्या शरीरात सरासरी ८८ टक्क्यांनी दबलं, आणि उजेड बंद करून पन्नास मिनिटं झाली तरी बहुतेकांमध्ये ते पूर्ववत झालं नव्हतं. तुमच्याकडे नऊला दिवा बंद आणि दहाला झोप, हा मधला तास काही अंशी असाच तयार होत असावा. सव्वासातनंतर मोठे दिवे घालवा, कोपऱ्यातला एखादा मंद दिवा पुरे. टीव्ही आणि फोन तेव्हा बंदच. एरवीही जागतिक आरोग्य संघटना या वयाला दिवसाला एक तासाची मर्यादा सांगते, पण माझ्या मते शेवटचा तास कोरा ठेवणं हे एकूण मिनिटं मोजण्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

झोपायच्या आधीचा क्रम लहान आणि रोज हुबेहूब तोच असावा. तोंड-हातपाय धुणं, कपडे बदलणं, दात घासणं, एक गोष्ट, दिवा. अर्ध्या तासात बसेल एवढाच. रात्रीच्या अंघोळीवरून भांडण होत असेल तर अंघोळ सकाळी न्या. जोडी मिंडेल यांच्या गटानं २००९ मध्ये ४०५ आया आणि त्यांच्या बाळांवर केलेल्या अभ्यासात ठरलेला क्रम दोन आठवडे पाळल्यावर मुलांना झोप लवकर लागू लागली, रात्रीचं जागणं कमी झालं, आणि आयांची मनःस्थितीही सुधारली. ती मुलं तुमच्या लेकीपेक्षा लहान होती, पण चार-पाच वर्षांच्या मुलांमध्येही मी हेच होताना पाहत आले आहे.

दोन मुलं आणि तुम्ही एकट्या, हा प्रश्न उरतोच. आधी बाळाला घ्या. एक ते दोन वर्षांच्या बाळाला ११ ते १४ तास झोप लागते आणि दुपारी उशिरा झोपला नसेल तर तो साडेसातपर्यंत पेंगायला लागेल. तो झोपेपर्यंत मुलीला त्याच खोलीत, मंद दिव्यात, फक्त त्याच वेळी मिळणारी एखादी गोष्ट द्या. चित्रांचं पुस्तक चालेल. पहिले चार-पाच दिवस ती मध्ये मध्ये बोलेल आणि तो दचकून उठेल. अशा रात्री दोघांना एकदमच घेऊन आडव्या व्हा, गोष्ट कुजबुजत सांगा. पण ज्या दिवशी तो आधी झोपेल त्या दिवशी नंतरची वीस मिनिटं पूर्णपणे तिची असतील. मला विचाराल तर भावाबद्दलच्या रागावर यासारखं औषध नाही.

यात बाबांचं काय? ते आठला येणार आणि मुलगी सव्वाआठला झोपणार. हा खरा पेच आहे आणि त्याला गोड उत्तर माझ्याकडे नाही. बाबा येतात म्हणून जागं ठेवायचं, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. बाबा दारात आले की मुलं नव्यानं उसळतात, खेळ रंगतो, आणि झोप आणखी तासभर पुढे जाते. माझा सल्ला असा की बाबांची वेळ सकाळी न्या. पावणेसात ते सव्वासात मुलीचं उठणं, दात, कपडे, खाणं सगळं त्यांच्याकडे, तुम्ही त्या वेळी तिच्या वाटेला जाऊ नका. संध्याकाळी त्यांनी हळूच आत यावं, तिच्या उशाशी दोन मिनिटं बसावं, अंगावरून हात फिरवावा आणि बाहेर पडावं. आठवड्यातून एखादा दिवस त्यांना लवकर निघता आलं तर त्या दिवसाचा सगळा क्रम त्यांनी करावा, त्यांच्या पद्धतीनं, तुम्ही दुरुस्त्या न सुचवता. त्यांनाही हे वाचायला द्या. सहा ते आठ एकटीनं निभावणाऱ्या आईला आठनंतर स्वयंपाकघर आवरायला लागू नये, एवढी वाटणी झाली पाहिजे.

आता ओरडण्याबद्दल. तुम्ही रोज रात्री रडता, हे वाचून मी थोडा वेळ थांबले. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञानं आई आणि तान्ह्या बाळांमधली देवाणघेवाण क्षणाक्षणानं तपासली. नातं चांगलं असलेल्या जोड्यांमध्येही दोघांचे सूर जुळलेले असण्याचा वेळ साधारण तीस टक्केच निघाला. उरलेला वेळ चुकामूक होण्यात आणि पुन्हा जुळवण्यात जातो, आणि त्या पुन्हा जुळवण्यातूनच बाळ शिकतं की बिघडलेलं नीट होतं. तुमच्या घरात बिघडणं रोज घडतं आहे. ती झोपल्यावर तुम्ही रडता, त्यामुळे जुळवणं तिच्यापर्यंत पोचत नाही. ते दिवा बंद व्हायच्या आधी आणा. "मी संध्याकाळी मोठ्यानं ओरडले. तुला भीती वाटली असेल. ओरडणं माझं चुकलं." इथे थांबा. "पण तूच ऐकत नव्हतीस" हे जोडलंत की माफी तिच्या अंगावर उलटते. नियमाबद्दल बोलायचं असेल तर सकाळी बोला. आणि आवाज चढतो आहे असं जाणवलं की बाळाला सुरक्षित जागी बसवून दुसऱ्या खोलीत एक मिनिट जा. "मी एक मिनिटात येते" असं सांगून जा आणि एका मिनिटात परत या.

काही गोष्टी दिसल्या तर घरगुती उपायांवर थांबू नका. रोज रात्री घोरणं, झोपेत श्वास मध्येच अडणं, तोंड उघडं ठेवून झोपणं, हे असेल तर वेळ कितीही अलीकडे आणली तरी झोप पुरी पडणार नाही. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आकांत नेहमीच पंचवीस मिनिटांच्या पुढे जात असेल, त्यात ती स्वतःचं डोकं आपटत किंवा चावत असेल, रडता रडता श्वास धरून निळी पडत असेल, शिकलेले शब्द विसरत असेल, किंवा शाळेतूनही असंच ऐकू येऊ लागलं, तरी दाखवा. आणि तुमच्याबद्दल: मुलं झोपली असतानाही तुम्हाला झोप लागत नसेल, सलग दोन आठवडे कशातच जीव लागत नसेल, तर तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या महिन्यातच येतं असं नाही, आणि ते उपचारांनी बरं होतं. जगणं नको वाटलं किंवा मुलांना काही करून बसेन अशी भीती वाटली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिला आठवडा फक्त दारातली दहा मिनिटं, मंद दिवे आणि पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे येणारी झोप. दुसऱ्या आठवड्यात सूचना एकेक करून द्यायला लागा आणि तिची उंच जागा तयार करा. बाकीचं नंतर. चार-पाच दिवसांत दारातलं रडणं किंचित वाढेल, कारण आता तिला रडायला जागा मिळाली आहे. ते उतरेल. मग दहाव्या-बाराव्या दिवसाच्या आसपास एक संध्याकाळ अगदी जुन्यासारखी जाईल: बूट फेकणं, ढकलणं, दहापर्यंत जागरण. जुना मार्ग अजून चालतो का, हे मूल एकदा तपासून पाहतंच. त्या रात्री नवीन काही शोधू नका, नियम बदलू नका, झोपेची वेळ पुन्हा उशिरावर नेऊ नका. दुसऱ्या दिवशी पावणेसातला खिडकी उघडा आणि संध्याकाळी दारातच, बुटांसकट, तिच्याशेजारी जमिनीवर बसा.